बारा बाय अठरा : मोठ्या छायाचित्राचा छोटा इतिहास

१/
आजचा धागा किल्ल्यांविषयी नाही, ताम्रपटांविषयीही नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कलर लॅबमध्ये आपण फोटो मोठा करायला देतो आणि तो मनासारखा येत नाही, त्यामागे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो सांगण्याचे निमित्त घरचेच आहे.

२/
आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी तिच्या प्राथमिक शाळेचे समूहछायाचित्र मोठे करून भिंतीवर लावायचे ठरले. साल १९५४. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली आठ बाय दहा इंचांची प्रत, काळाने तपकिरी झालेली. मागे उभ्या शिक्षिका आणि थोरल्या मुली, मध्ये खुर्च्या, अगदी पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या धाकट्या मुली. त्या ओळीत डावीकडून तिसरी आजी. तिच्या बालपणाचे याखेरीज दुसरे एकही छायाचित्र नाही.

३/
मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला, व्हॉट्सॲपने लॅबला पाठवला, ‘बारा बाय अठरा’ एवढेच सांगितले आणि दुसऱ्या दिवशी प्रत घेऊन आले. तपकिरी रंगाची जागा थंडगार निळसर राखाडीने घेतली होती. चेहरे मेणाच्या मुखवट्यांसारखे गुळगुळीत झाले होते. आणि मागच्या रांगेची डोकी शाबूत राहावीत म्हणून चौकट वर सरकवलेली असल्यामुळे सतरंजी, मांडीवर ठेवलेले हात आणि आजीची हनुवटी कागदाबाहेर गेली होती.

लॅबला दोष देणे सोपे होते. मी तो दिलाही. पुढे वाचत गेले तेव्हा ध्यानात आले की या तिन्ही दोषांना स्वतंत्र वंशावळी आहेत, आणि त्या ठाऊक असत्या तर मी लॅबशी निराळ्या भाषेत बोलले असते.

४/
आरंभ आकारापासून करू. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची प्रक्रिया जाहीर झाली. तिच्यात निगेटिव्हच नव्हती. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर जे उमटले तेच छायाचित्र. दुसरी प्रत नाही, मोठी प्रत तर नाहीच. इंग्लंडमध्ये टॅल्बटने कागदी निगेटिव्ह आणि तिच्यावरून प्रत ही जोडी रूढ केली, १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवरची ओली कलोडियन पद्धत प्रसिद्ध केली, आणि तीनच वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. छायाचित्रण आपल्याकडे किती लवकर पोहोचले ते यावरून दिसते.

५/
परंतु काचेच्या निगेटिव्हवरून प्रत काढायची म्हणजे काच आणि कागद एकमेकांना चिकटवून उन्हात ठेवायचे. त्या काळचा अल्ब्युमिन कागद इतका मंद होता की त्याला सूर्यच हवा. याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. येथे एक साधा नियम निघतो : जेवढी काच, तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे असेल तर मोठी काच हवी, मोठ्या काचेला मोठा कॅमेरा हवा, आणि तो वाहून न्यायला खेचरे हवीत.

६/
हे अलंकारिक बोलणे नव्हे. कार्लटन वॉटकिन्स १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या दरीत अठरा बाय बावीस इंचांच्या काचा खेचरांवर लादून गेला. १८७५ मध्ये सिडनीत सोन्याच्या खाणीतून श्रीमंत झालेल्या होल्टरमनने आपल्या घराच्या मनोऱ्यातील खोलीचाच कॅमेरा केला. चार्ल्स बेलिसने त्यातून शहराची जी निगेटिव्हे घेतली, त्यांतील सर्वांत मोठी सुमारे तीन बाय पाच फुटांची आहे. आणि १९०० मध्ये शिकागोच्या जॉर्ज लॉरेन्सने एका रेल्वे कंपनीसाठी तिची अख्खी आगगाडी एकाच चित्रात बसवायला जो कॅमेरा बांधला, त्याची काच साधारण साडेचार बाय आठ फुटांची होती. तो हाताळायला पंधरा माणसे लागत. गाडीचे छायाचित्र पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात झळकले.

आपण बारा बाय अठराची ऑर्डर फोनवर देतो, तेव्हा या पंधरा माणसांची आठवण ठेवायला हरकत नाही.

७/
लहान काचेवरून मोठे चित्र काढायचा प्रयत्न कोणी केलाच नाही, असे नाही. बाल्टिमोरच्या डेव्हिड वुडवर्डने १८५७ मध्ये ‘सोलर कॅमेऱ्या’चे पेटंट घेतले. आरशाने सूर्यकिरण आत घ्यायचे, भिंगातून निगेटिव्हवर टाकायचे आणि मोठी प्रतिमा समोरच्या कागदावर पाडायची. सूर्य सरकेल तसा आरसाही सरकवत राहायचा. तासन्‌तास खर्चून हाती येई ती फिकट, पुसट प्रतिमा. वुडवर्ड स्वतः व्यक्तिचित्रे रंगवणारा चित्रकार होता, म्हणून त्याला त्याचे दुःख नव्हते. त्या पुसट प्रतिमेवर रंग चढवून चित्र पुरे करायचे होते.

८/
येथे क्षणभर आपल्या घरांच्या भिंतीकडे पाहा. पणजोबांची हार घातलेली मोठी तसबीर बहुतेक घरांत असते. ती पुष्कळदा एखाद्या लग्नाच्या किंवा समूहाच्या चित्रातील नखाएवढा चेहरा वेगळा काढून, मोठा करून, त्यावर स्टुडिओतील कलाकाराने ब्रशने भुवया, मिशा, टोपीची कड पुन्हा रेखून केलेली असते. निगेटिव्हमध्ये जो तपशील नव्हता तो हाताने भरला जाई. माझ्या पहिल्या प्रतीतील मेणाचे मुखवटे म्हणजे याच परंपरेतील नवा कारागीर : फोनने आणि यंत्राने नसलेला तपशील आपल्या समजुतीने भरून काढला होता. जुना कलाकार निदान घरच्यांना विचारून मिशा काढत असे.

९/
तपशील गेला कुठे, याचा हिशेब अगदी सरळ आहे. व्हॉट्सॲप सर्वसाधारणपणे चित्राची लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर आणून ठेवते. ते अठरा इंचांवर पसरले की इंचाला नव्वद पिक्सेलसुद्धा उरत नाहीत. हातात धरून पाहण्याच्या प्रतीला इंचामागे सुमारे ३०० लागतात; दोन फुटांवरून पाहायच्या चित्राला १५० पुरतात, कारण अंतर दुप्पट झाले की डोळ्याला दिसणारा बारकावा निम्मा होतो. भिंतीवरच्या चित्राला म्हणूनच थोडी सवलत असते. परंतु नव्वद म्हणजे फारच झाले.

१०/
गंमत अशी की मूळ प्रतीत तपशिलाची रेलचेल होती. गावोगावचे स्टुडिओवाले समूहचित्रे तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्याने घेत आणि निगेटिव्हवरून थेट कॉन्टॅक्ट प्रिंट काढत. आमचे चित्र तसेच आहे. भिंग लावून पाहिले तर आजीच्या वेणीची रिबन दिसते. माझ्या आईच्या लग्नातील चार बाय सहाच्या रंगीत प्रती याच्या निम्म्यानेही ताणल्या जात नाहीत. जुने म्हणजे अस्पष्ट, हा आपला भ्रम बहुधा वाईट नकलांवरून झाला आहे.

११/
निगेटिव्ह लहान कधी झाली? त्याआधी कागद वेगवान व्हावा लागला. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइड धरून ठेवण्याची युक्ती मांडली; तीच पुढे कागदावर आली. ब्रोमाइड कागदाला सूर्य लागत नाही, दिवा पुरतो. आता एन्लार्जर अंधारखोलीत आला आणि मोठे चित्र ऋतुमानावर अवलंबून राहिले नाही.

मग १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा आला. त्याचा कर्ता ओस्कार बार्नाक याचे सूत्रच लहान निगेटिव्ह आणि मोठे चित्र असे होते. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, सिनेमाच्या १८ बाय २४ मिलिमीटरच्या दोन चौकटी जोडल्या आणि २४ बाय ३६ ची एक चौकट केली.

१२/
ही चौकट लक्षात ठेवा, कारण आजीची हनुवटी येथे कापली गेली.

काचेच्या काळातील रूढ मापे ४ बाय ५, ८ बाय १० : प्रमाण चारास पाच. बार्नाकची चौकट दोनास तीन. पुढे ३५ मिलिमीटरचे राज्य आले, लॅबचे कागदही तिच्या मापाने कापले जाऊ लागले : ४ बाय ६, ८ बाय १२, १२ बाय १८, २० बाय ३०. सगळे दोनास तीन. मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यांनी तेच प्रमाण वारशाने घेतले. मोबाइल मात्र बहुधा तीनास चार, म्हणजे जुन्या दूरचित्रवाणीच्या पडद्याचा वारस.

१३/
आता आठ बाय दहाचे चित्र अठरा इंच रुंद करा. त्याची उंची होते १४.४ इंच. कागद आहे १२ इंचांचा. उरलेले २.४ इंच, म्हणजे चित्राचा बरोबर सहावा भाग, कापावाच लागतो. यंत्राला ‘कागद भरा’ एवढेच ठाऊक असते. कोणाला कापायचे हे माणूस ठरवतो, आणि आमच्या बाबतीत शिक्षिका आणि थोरल्या मुली वाचल्या, धाकट्या गेल्या. समूहचित्रांत सतरंजीवर नेहमी लहान, नवी किंवा कनिष्ठ माणसे असतात. दोन प्रमाणांच्या भांडणात प्रथम बळी जातो तो त्यांचा. जुन्या चित्रांच्या नकला अभ्यासणाऱ्या आपणा सर्वांना हे ठाऊक असायला हवे, असे मला वाटते.

१४/
उपाय त्या मानाने हास्यास्पद वाटावा इतका सोपा. ८ बाय १० च्या घरात बसणारे माप मागावे : १२ बाय १५, १६ बाय २०. लॅबमध्ये १२ बाय १५ नसेल तर १२ बाय १८ चा कोरा पांढरा कॅनव्हास करून त्यात चित्र मधोमध ठेवावे. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या राहतात, त्या चौकटीच्या माउंटखाली झाकल्या जातात. वर-खालीही किंचित मोकळी जागा सोडावी, कारण कडेपर्यंत छापताना यंत्र काही मिलिमीटर खाते.

१५/
दुसरा दोष रंगाचा, आणि ही माझी सर्वांत आवडती कथा आहे.

आधी लॅब स्वस्त कशी झाली ते थोडक्यात. १८८८ मध्ये ईस्टमनने कोडॅक कॅमेरा काढला. शंभर चित्रे घेऊन झाली की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा, दहा डॉलरमध्ये प्रती आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत येई. छायाचित्र काढणारा आणि छापणारा ही दोन माणसे येथे वेगळी झाली. रंगीत फिल्म आली तेव्हा अमेरिकेत धुलाईचे पैसे फिल्मच्या किमतीतच धरलेले असत, म्हणजे काम कोडॅककडेच जाई. १९५४ मध्ये मक्तेदारीविरोधी खटल्यातील तडजोडीने ही गाठ सुटली आणि स्वतंत्र लॅबना दार उघडले. (आजी सतरंजीवर बसली होती तेच वर्ष. निव्वळ योगायोग, पण टिपून ठेवावासा वाटला.)

१६/
हजारो अनोळखी माणसांच्या लाखो निगेटिव्ह छापायच्या, तर प्रत्येकीचा रंग हाताने जुळवणे अशक्य. कोणी दिव्याखाली, कोणी संध्याकाळच्या उन्हात फोटो काढलेला. कोडॅकच्या रॅल्फ एव्हान्स याने १९४० च्या दशकात तोडगा काढला : सर्वसाधारण दृश्यातले सारे रंग एकत्र घुसळले तर ते राखाडीच्या जवळ येतात. म्हणून निगेटिव्हमधून येणाऱ्या प्रकाशाची सरासरी मोजा आणि प्रत अशी छापा की ती सरासरी राखाडी होईल. दिव्याचा पिवळेपणा, संध्याकाळचा तांबूसपणा आपोआप धुऊन निघतो.

एका गृहीतकावर उभा राहिलेला हा केवढा उद्योग! आणि बहुतेक वेळा ते गृहीतक खरेही ठरत असे.

१७/
खरे कधी ठरत नाही? एकच रंग चित्र व्यापतो तेव्हा. धंद्याच्या भाषेत याला ‘सब्जेक्ट फेल्युअर’ म्हणतात, जणू चूक दृश्याचीच. श्रावणातील हिरव्यागार डोंगरउतारावर काढलेल्या चित्रात यंत्र हिरवा कमी करू पाहते आणि माणसांचे चेहरे जांभळट गुलाबी होतात. लाल शालूतील नवरीचे चित्र भरून आले की यंत्र लाल दाबते आणि नवरीचा चेहरा आजाऱ्यासारखा निळसर हिरवट दिसतो. तपकिरी पडलेले जुने चित्र तर यंत्राच्या दृष्टीने नखशिखान्त चूक. त्याने ती प्रामाणिकपणे दुरुस्त केली. आमची निळसर शाळा हे त्याचे फळ.

यात आणखी एक पदर आहे. लॅबची यंत्रे जुळवायला कोडॅककडून जे नमुनाचित्र येई, त्यात कित्येक दशके गोरी स्त्री असे. त्या पत्त्यांना ‘शर्ली कार्ड’ हेच नाव पडले. निरनिराळ्या वर्णांचे चेहरे असलेली कार्डे १९९० च्या दशकात आली. सावळ्या चेहऱ्याचा बरोबर रंग कोणता, हे तोपर्यंत प्रत्येक ऑपरेटरला स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावे लागे.

१८/
१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या वाकायामातील नोरित्सू कंपनीने ही सारी लॅब एका दुकानात मावेल एवढी लहान केली : मिनीलॅब. आपल्याकडे १९८० च्या दशकात ती शहरोशहरी दिसू लागली. यंत्रावर यलो, मॅजेंटा, सायन आणि डेन्सिटी अशा कळा असत. १९९० च्या दशकात फुजीच्या फ्रंटियरसारखी डिजिटल यंत्रे आली. ती लाल, हिरव्या, निळ्या लेसरने इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने खऱ्याखुऱ्या फोटोकागदावर चित्र लिहितात, आणि मग तो कागद रसायनांतून धुतला जातो. दुकान साधे असले तरी ही प्रत इंकजेटची नसते. टॅल्बटप्रमाणेच चांदीचे क्षार आणि प्रकाश यांवरच ती चालते. अशा यंत्रांत कागदाची गुंडाळी बहुधा बारा इंचांपर्यंतच जाते. लग्नाच्या करिझ्मा अल्बमची पाने १२ बाय ३६ असतात ती त्यामुळेच. २० बाय ३० हवे असेल तर काम दुसऱ्या, रुंद यंत्रावर जाते. ते कोणते, आणि कागद फोटोचा की फ्लेक्सच्या जातीचा, हे आधी विचारावे.

१९/
दुसऱ्या खेपेस मी पुठ्ठ्यासकट चित्र घेऊन विभागाच्या ग्रंथालयात गेले आणि सपाट स्कॅनरवर ६०० च्या घनतेने रंगीत स्कॅन केले. ४८०० बाय ६००० पिक्सेल, म्हणजे जवळजवळ २.९ कोटी. रंगपद्धती एसआरजीबी ठेवली, कारण लॅबची यंत्रे तीच गृहीत धरतात. मग १२ बाय १८ च्या पांढऱ्या कॅनव्हासवर चित्र मांडले आणि पेनड्राइव्ह घेऊन त्याच लॅबमध्ये गेले. (फाइल मेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवली तरी चालते; फोटो म्हणून पाठवू नये.)

२०/
एकदम मोठी प्रत काढली नाही. अंधारखोलीत जुने लोक पूर्ण कागद वाया जाऊ नये म्हणून आधी एक पट्टी छापून पाहत. तीच रीत. अंतिम आकारातील सतरंजीवरच्या मुलींचा फक्त १२०० बाय १८०० पिक्सेलचा तुकडा कापला आणि तो ४ बाय ६ वर छापायला दिला : मोठ्या प्रतीत जे दिसणार तेच, एका चहाच्या किमतीत. काउंटरवर सांगितले, “करेक्शन बंद ठेवून आहे तसेच काढा.”

लॅबमधले काका हसले. “अहो, आधी सांगायचं ना. मागच्या वेळी ऑटोवर गेलं असेल.” मग स्क्रीनकडे पाहत म्हणाले, “जुन्या मशीनवर रोज हेच करायचो मी. शालू आला की सायन दोन कमी. नाहीतर नवरीची आई भांडायला यायची.”

२१/
एव्हान्सचे गृहीतक आणि त्याचे अपवाद मी महिनाभर वाचत होते. काकांना ते तीस वर्षे बोटांत ठाऊक होते. एव्हान्सचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते, आणि ‘सायन दोन कमी’ ही नोंद कुठल्याही अभिलेखागारात सापडणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन त्यांच्याशी ध्वनिमुद्रित संभाषण करायचे मी ठरवले आहे. त्यांनी संमती दिली तर त्याचा वेगळा धागा होईल.

चाचणीची पट्टी पाहून त्यांनी डेन्सिटी एक घर कमी करायला सुचवले. ते बरोबर होते. कागद मॅट घ्या, हेही त्यांनीच सांगितले : चकचकीत प्रत दमट हवेत चौकटीच्या काचेला चिकटते आणि मग सुटत नाही. माउंट लावला की काच आणि कागद यांत अंतर राहते, त्यामुळे तोही लावून घेतला.

२२/
मोठी प्रत आता ओटीवर आहे. आजीने ती पाहिली तेव्हा स्वतःकडे नव्हे, शेजारच्या मुलीकडे बोट दाखवले आणि पुठ्ठ्यावर तिचे आडनाव चुकीचे छापले आहे असे सांगितले. मग सतरंजीवरच्या साऱ्या ओळीची नावे डावीकडून उजवीकडे म्हणून दाखवली. नऊपैकी आठ. मी ती लिहून घेतली. नववी अजून आठवत नाही.

चार बाय सहाची चाचणीपट्टी तिने मागून घेतली. ती तिच्या पोथीत आहे.